उजवा कोपरा

शालूबाईनं दाराला आतून कडी घातली, खिडकीचा पडदा सारखा केला आणि मग कुठं पदराआडून वाटी बाहेर काढली.

"जीभ काढा," ती म्हणाली.

खाटेवर उशीला टेकून बसलेल्या आकारामनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"आवं, कोन बघत न्हाई. कडी घातलीया."

तो हलला नाही. भिंतीवर त्याचाच पलटणीतला फोटो होता; हवालदाराच्या फिती आणि वर वळवलेल्या मिशा. तो त्या फोटोकडं बघत राहिला. वाटीच्या काठावर कुठून तरी एक मुंगी चढली होती, ती शालूबाईनं नखानं उडवली.

"मॅडमनं सांगितलंया म्हनून करतीया. मला काय हौस हाय व्हय?"

बोलून गेली आणि तिचेच कान तापले. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. ताप आला तर कपाळाला लावला असेल, तोसुद्धा सासूबाई घरात नाहीत हे बघून. आणि आता वाटीत बोट बुडवून ते त्याच्या ओठावरून फिरवायचं होतं, सकाळी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विहिरीवर मोटार चालू करायला गेलेला आकाराम तिथंच जमिनीवर बसलेला सापडला होता. उजवा हात, उजवा पाय लुळा पडलेला, तोंड एका अंगाला ओढलेलं. भावकीतल्या गुंडा नावाच्या पुतण्यानं त्याला आपल्या जीपमधून साताऱ्याला पोचवलं. वेळेत आणलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपर्यंत पाय थोडा धरायला लागला. एका हातात काठी आणि दुसरीकडं कुणाचा तरी खांदा, असं करत तो अंगणात येऊ लागला. वाचा मात्र परतली नाही. समजायचं त्याला सगळं. रस्त्यावर मोटारसायकल थांबली तर कुणाची, ते आवाजावरून ओळखून मान वर करायचा. पण बोलायला गेला की घशातून नुसती हवा यायची आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळायची. चोवीस वर्षं ज्यानं इस्त्रीची घडी मोडू दिली नव्हती, त्याला त्या लाळेची मरणाची लाज वाटे. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायचा.

मग शिवांजली मॅडमचं नाव कुणीतरी सांगितलं. गेलेली वाचा पुन्हा यावी म्हणून व्यायाम शिकवायच्या त्या, साताऱ्यातच. चष्मा लावलेली, जेमतेम तिशीतली पोर, पण बोलणं ठाम. दर दुसऱ्या सोमवारी आणा म्हणाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं,

"आजोबांना साखर आहे का?"

"न्हाई बा. साखर न्हाई."

"गिळायला आता त्रास होत नाही, ते बघितलं मी. मग मध चालेल. अगदी थोडा, बोटाच्या टोकावर राहील एवढाच. आधी ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावायचा. मग वरच्या ओठाला, मग खालच्या. शेवटी उजव्या कोपऱ्याला. त्यांनी तो जिभेनं चाटून घ्यायचा. तुम्ही पुसायचा नाही. जीभ कामाला लागली की पुढचं सगळं सोपं."

"मीच लावू?"

मॅडम हसल्या. "मग कोण लावणार, आजी?"

तर आता शालूबाई खाटेच्या कडेवर बसली होती आणि आकाराम भिंतीकडं बघत होता. शेवटी तिनंच त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. लहान पोराचं वळवावं तसं. दाढीचे खुंट बोटांना टोचले. डाव्या कोपऱ्याला तिनं मध लावला आणि आपणच नजर फिरवली.

जरा वेळानं बघितलं तर मध गेलेला होता. वरच्या ओठाचाही गेला, खालचा अर्धा गेला. उजव्या कोपऱ्याकडं निघालेली जीभ मात्र मध्येच थांबली, थरथरली आणि परत आत गेली.

"न्हाई पोचत?"

त्यानं मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या. उद्या बघू."

बोटाला राहिलेला मध तिनं पदराला पुसला आणि कडी काढली.

*

पहिले पंधरा दिवस रोज हीच झटापट चालली. दुकानातून आणलेला मध नुसता पाकासारखा होता. आकाराम तो चाटायचा, पण तोंड वाकडं करायचा. उसाच्या गुळावर वाढलेला माणूस, त्याला गोडाचं कौतुक ते काय असणार.

मार्गशीर्षात हरणाबाई आली. कवठे महांकाळच्या बाजूची ही धनगरीण. तिचा नवरा धुळा दर वर्षी मेंढरं घेऊन इकडं उतरायचा आणि ऊस तुटून गेलेल्या रानात आठ-दहा दिवस मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा. तीस वर्षांचा परिपाठ. आल्या दिवशी हरणाबाई ओसरीवर टेकायची, शालूबाईच्या हातचा चहा प्यायची आणि वर्षभराचं बोलून घ्यायची. या वेळी चहाचा कप हातात तसाच धरून ती आकारामकडं बघत राहिली.

"लय तालेवार मानूस वो," मग हळूच म्हणाली. "माजा दादला ह्यांच्यापुढं बिडी वडायला भ्यायचा."

शालूबाईनं तिला मधाचं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. हिला कसं कोण जाणे सांगून गेली. हरणाबाईनं दुकानातली बाटली उजेडात धरून बघितली, बुचातला थेंब चाखला आणि खाली ठेवली. संध्याकाळी मेंढरं बसल्यावर ती पालावरून एक चपटी बाटली घेऊन आली. चिंधीचं बूच होतं.

"बाभळीचा हाय. तळहाताएवढी पोळी असत्यात आमच्याकडं, काट्यात. धुळा धूर करून अर्धं पोळं काढतो, अर्धं माश्यास्नी ठिवतो. ह्यो दिऊन बघा."

"किती जपून ठिवला असशील, आन मला दितीस?"

"आवं वैनी, ठिवायचा कशाला? वापरायचाच असतो की. पोरगं खोकाय लागलं की आल्याच्या रसात. तोंड आलं की जिभंला. चुलीवर हात भाजला तरी म्या ह्योच चोपडती. आमच्या लेकीच्या, राणीच्या लग्नात हळदीत कालवून पाच दिस तोंडाला लावला तिच्या, तर सासरची मानसं वळकीनात." स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. "आन सकाळच्या बाजरीच्या भाकरीवर लोनी घालायचं, वर ह्यो. फकस्त तापवू नगा. तापवला का गेला."

उठता उठता तिनं शालूबाईच्या तोंडाकडं बघितलं. थंडीनं शालूबाईचे ओठ उलले होते, बोलताना कोपऱ्यात रक्त यायचं.

"बोटाला उरतो त्यो काय करता?"

"पुसती पदराला."

"पदराला काय करायचाय त्यो?" हरणाबाई म्हणाली. "स्वताच्या व्हटाला लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मधाचं बोट कोपऱ्याला लागलं आणि आकारामचे डोळे बारीक झाले. त्यानं तो सावकाश चाटला. जीभ आत घेतली, तोंड मिटून क्षणभर चव बघत राहिला आणि मग आपण होऊन पुन्हा तोंड उघडलं.

"आवडला?"

त्यानं मान डोलावली. शालूबाईला हसू आलं. बोटाला उरलेला मध पदराकडं नेता नेता ती थांबली. भिंतीकडं तोंड करून तिनं तो घाईघाईनं आपल्या ओठावर फिरवला. फुटलेल्या जागी आधी चुरचुरलं, मग बरं वाटलं.

*

त्यानंतर झटापट उरली नाही. सकाळी शालूबाई वाटी घेऊन यायची तेव्हा आकाराम तोंड धुऊन, उशी पाठीशी घेऊन बसलेला असायचा. एके दिवशी गुंडा आला तेव्हा त्यानं डाव्या हातानं आपल्या गालावर खूण केली. गुंडाला कळेना. मग कळलं की दाढी करायचीय. तेव्हापासून दर दोन दिवसांनी गुंडा वस्तरा घेऊन यायला लागला. मिशांची टोकंसुद्धा पूर्वीसारखी कातरून घेतली जायची. दवाखान्यात जायचं असतं म्हणून, असं शालूबाईला वाटलं.

दारं लावून दोघं बसायची ती पाव-अर्धा तास. मध लावायला वेळ तो किती लागणार? पण एका जागचा चाटून होईपर्यंत थांबावं लागायचं, आणि थांबायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागायचं. बोलायची सवय दोघांनाही नव्हती. नोकरीची वर्षं तो वर्षाला दोन महिने रजेवर यायचा, तेही घर माणसांनी भरलेलं असताना. पेन्शनीवर आल्यावर तो पहाटे पाचला उठायचा आणि दिवसभरात मोजून पाच-सहा शब्द तिच्या वाट्याला यायचे. चहा. पाणी. टॉवेल. कोण आलंय. कधी हात उगारला नाही, कधी वावगा शब्द नाही. लोक म्हणायचे, शालूबाईनं नशीब काढलं.

आता तो बोलू शकत नव्हता, तेव्हा ती बोलायला लागली. आधी शेतातलं सांगितलं. कारखान्याची तोड कधी येणार, म्हशीचं दूध कसं घटलं, शेवग्याला किती शेंगा लागल्यात. नाचणीची लापशी कोमट झाल्यावर त्यात चमचाभर मध घातला तर ती किती चांगली लागते, हेही सांगितलं, जरी ती लापशी त्यानंच खाल्लेली होती. मग एक दिवस वरच्या ओठाला बोट लावता लावता म्हणाली,

"तुमची पत्रं यायची ना पलटनीतनं. मामंजी वसरीवर बसून वाचायचे, मोठ्यानं. आमी समद्या आत दाराआड उभ्या. आईला साष्टांग नमस्कार, भावाला ह्ये कर, बैलाला त्ये कर. आन शेवटाला असायचं, बाकी सर्वांना नमस्कार." ती जरा थांबली. "मी म्हनायची, त्या बाकीत मी हाय का न्हाई, कुनाला इचारू?"

तक्रार नव्हती. शेवग्याच्या शेंगा सांगितल्या तसंच सांगितलं तिनं. पण त्या दिवशी त्याच्या वरच्या ओठावरचा मध तसाच राहिला. तो तिच्याकडं बघत होता. घशातून हवेचा आवाज आला, पुन्हा आला. कपाळावरची शीर फुगली.

"आसूं दे," ती घाबरून म्हणाली. "उगंच बोलून गेले. गेलं त्ये."

त्यानं डावा हात उचलला आणि तिच्या मनगटावर ठेवला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. त्या दिवशी उजव्या कोपऱ्याचं राहूनच गेलं.

संक्रांतीच्या आधीच्या सोमवारी शालूबाईला ताप भरला म्हणून गुंडानंच आकारामला साताऱ्याला नेऊन आणलं. मॅडम काय म्हणाल्या असं विचारल्यावर गुंडा म्हणाला, "मी भाईर च्या पीत व्हतो काकी. पर समदं झ्याक हाय म्हनल्या, सराव चालू ठिवा." तशी ती तापातून उठून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन बसली. डावा कोपरा, वरचा ओठ, खालचा ओठ झटक्यात व्हायचे. उजव्या कोपऱ्याशी जीभ यायची, अर्ध्यावर थांबायची आणि आकाराम मान हलवायचा. मग ती म्हणायची, उद्या बघू.

*

संक्रांत झाली. दवाखान्याचा पुढचा सोमवार दोन दिवसांवर आला, तेव्हा शनिवारी विश्वजीत पुण्याहून आला. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बायको संयोगिता नोकरीमुळं येऊ शकली नव्हती, पण त्यानं आल्या आल्या तिला फोन लावून दिला. फोनच्या पडद्यावर सासूला बघून ती म्हणाली, "आई, चेहरा किती छान दिसतोय तुमचा! काय लावताय?"

"काय न्हाई बाई. थंडीचं व्हट फुटत्यात म्हनून जरा मध."

खाटेवरून आकारामनं तिच्याकडं बघितलं. शालूबाईनं फोन विश्वजीतच्या हातात दिला आणि भाकरी टाकायला गेली.

जेवायला वाढलं तेव्हा तिनं विश्वजीतच्या ताटात बाजरीच्या गरम भाकरीवर लोणी घातलं. जरा निवल्यावर वर मधाची धार सोडली. तो बोटं चाटत जेवला. मग हात धुऊन आला आणि पाटावर पुन्हा बसला. तेव्हाच तिला कळलं की हा काहीतरी सांगणार.

"आई, पुण्यात एक केंद्र बघितलंय मी. अशा पेशंटसाठीच आहे. तीन महिने ठेवून घेतात, दिवसातून चार-चार वेळा व्यायाम. आबांची खोली वेगळी. घरच्यांनी फक्त रविवारी भेटायचं."

"आन मी?"

"तू आमच्याकडं राहा की. नाहीतर इथं. म्हशीचं कोण बघणार म्हणतेस ना नेहमी?"

"मॅडम चांगलं शिकिवत्यात."

"पंधरा दिवसांतून एकदा, आई. आज बघितलं मी. एक शब्द नाही आलेला. साडेतीन महिने होत आले." त्याचा आवाज खाली आला. "मी आबांना असं बघू शकत नाही गं. फोनवर मी हॅलो म्हणतो आणि तिकडून नुसता श्वास ऐकू येतो. सोमवारी मीच नेतो त्यांना. मॅडमना विचारतो. त्यांना सुधारणा दिसत नसेल तर तिथूनच पुढं पुण्याला."

शालूबाईनं ताटं उचलली. पोरगं वाईट बोलत नव्हतं. बापासाठी जीव तुटत होता त्याचा, ते दिसत होतं.

रविवारी संध्याकाळी तिनं कडी घातली. मध वाटीत जरा जास्तच पडला.

"ऐकलंसा ना पोराचं?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "आवं, जरा जोर करा. उद्या मॅडमनं इचारलं तर काय दाखवायचं? एकदा तरी पोचवा."

उजव्या कोपऱ्याला तिनं बोट लावलं. जीभ आली, अर्ध्या ओठावर थांबली. तिला वाटलं आता पुढं सरकेल. पण नाही सरकली.

"तीन महिनं," ती म्हणाली.

आकारामनं तिच्या हातावर दोनदा थोपटलं. निघालेल्या माणसानं मागं राहणाऱ्याला थोपटावं तसं तिला ते वाटलं. जायला तयार झालेत, असं तिनं धरलं. वाटी तशीच खाली ठेवून ती उठली आणि त्याच्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. तीन सदरे, दोन पायजमे, मफलर. मफलर पुन्हा बाहेर काढला, झटकला, घडी घातली, परत ठेवला.

*

सोमवारी शिवांजली मॅडमच्या खोलीत शालूबाई पहिल्या दिवसानंतर प्रथमच आत बसली. एरवी ती बाहेरच्या बाकावर थांबायची. माणूस एकटा असला की जास्त नेटानं करतो, असं मॅडमचं म्हणणं होतं. आज विश्वजीतनं तिला बरोबर आत घेतलं. टेबलावर आरसा होता. भिंतीवर माणसाच्या घशाचं मोठं चित्र. पिशवी गाडीत होती.

विश्वजीतनं पुण्याचं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि खुर्ची आकारामकडं वळवली.

"आजोबा, मुलाला दाखवा बघू. मागच्या वेळेसारखं."

आकाराम पायातल्या चपलेकडं बघत बसला.

"आजोबा?"

त्यानं वर बघितलं. विश्वजीतकडं, मग जरासं शालूबाईकडं. मग पाठ ताठ केली, खांदे मागं घेतले, आणि त्याची जीभ बाहेर आली. डाव्या कोपऱ्याला टेकली. वर मिशीला लागली. खाली आली. आणि मग कुठंही न अडखळता सरळ उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबली. मॅडमनी दहापर्यंत आकडे मोजले, तोवर ती तिथंच होती.

"आता आवाज."

"पा," आकाराम म्हणाला. घोगरं, पण ऐकू आलं. "बा. मा."

विश्वजीतनं तोंडावर हात ठेवला.

"मागच्या वेळीच जीभ पोचत होती त्यांची," मॅडम सांगत होत्या. "एवढ्या लवकर येईल असं मलाही वाटलं नव्हतं. म्हणून तर मध बंद करा म्हटलं आणि पुढचे व्यायाम कागदावर लिहून दिले. करताय ना ते, आजी?"

शालूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडं बघत होता, मोठ्या लक्षानं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पंधरा दिवस. सकाळ-संध्याकाळ. अर्ध्या ओठावर येऊन थांबणारी जीभ, आणि न्हाई पोचत म्हटलं की हलणारी मान. कालचं ते दोनदा थोपटणं.

"कुठला कागद?" विश्वजीतनं विचारलं. "आई, तू कागदाचं काहीच बोलली नाहीस."

"आजोबांच्याच हातात दिला होता मी," मॅडम म्हणाल्या. "खिशात ठेवला त्यांनी माझ्यासमोर. तुम्ही आला नव्हता त्या दिवशी."

"आबा, कागद कुठाय?"

आकाराम चित्राकडंच बघत होता.

"माज्याकडं हाय," शालूबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. आकारामनंसुद्धा.

"ह्येंनी आल्या आल्या दिलता मला. तापात व्हते मी. उशाखाली ठिवला, आन ऱ्हायला ध्येनातनं."

"म्हणजे पंधरा दिवस तुम्ही मधच देत होता?" मॅडमनी विचारलं.

"मधच दित व्हते."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यांच्या गालाशी काहीतरी हललं, पण त्यांनी वही पुढं ओढली.

"त्यानं काही बिघडलं नाही," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. मग विश्वजीतला म्हणाल्या, "पुण्याला न्यायची गरज मला दिसत नाही. घरी उत्तम चाललंय. फक्त आठवड्याला आणा आता. आणि आजी, हा नवा कागद तुमच्याच हातात देते. ओसरीवर बसून करायचे हे, मोठ्यानं, मोकळ्या हवेत."

परतीच्या वाटेवर विश्वजीत कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणत गाडी चालवत होता. मध्येच थांबून म्हणाला, "पण आई, एवढा महत्त्वाचा कागद आणि तू विसरलीस?"

"वय झालं बाबा माजं."

पुढच्या सीटवर आकारामचे खांदे हलायला लागले.

"आबा, ठसका लागला का? पाणी देऊ?"

आकारामनं डाव्या हातानं नको अशी खूण केली. मागं बसलेली शालूबाई खिडकीतून तुटलेल्या उसाची रानं बघत राहिली. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच विश्वजीत पुण्याला गेला. उन्हं ओसरीवर आल्यावर शालूबाईनं नवा कागद समोर ठेवला आणि त्यावरची अक्षरं एकेक करून वाचली. आकाराम मागोमाग म्हणत होता. पा, बा, मा. आ, ई, ऊ. दाढी करायला आलेला गुंडा कुंपणाशीच उभा राहून ऐकत होता, आणि शेवटी डोळे पुसत आत आला. दाढी झाली. गुंडा गेला. शालूबाईनं कागद घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवला.

मग ती आत गेली. भांड्याचा आवाज झाला. ओसरीवर येऊन तिनं आकारामला खांदा दिला.

"चला," ती म्हणाली.

खोलीत त्याला उशीला टेकवून बसवल्यावर तिनं कडी घातली. पडदा ओढायला हात गेला, पण ऊन चांगलं येत होतं, तो तिनं तसाच राहू दिला. खाटेच्या कडेवर बसून वाटीत बोट बुडवलं. डावा कोपरा झाला. वरचा ओठ, खालचा ओठ. मग तिनं उजव्या कोपऱ्याला बोट लावलं आणि हात मांडीवर घेऊन थांबली.

जीभ निघाली. अर्ध्या ओठावर आली आणि तिथंच थांबली. तो डोळ्यांची पापणी न लववता तिच्याकडं बघत होता.

"न्हाई पोचत?" शालूबाईनं विचारलं.

तो मान हलवणार होता, पण थांबला. जीभ आत घेतली. डाव्या हातानं खाटेची कड घट्ट धरली, श्वास घेतला, ओठांची जुळवाजुळव केली.

"न्हाई," आकाराम म्हणाला.

जड, जाडसर, पण अख्खा शब्द. साडेतीन महिन्यांतला पहिला.

शालूबाईचे डोळे भरून आले. हसूही येत होतं, ते तिनं आवरलं. आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

"बरं. उद्या बघू मग."